तुम्ही विचारलंत म्हणून: शुगर १७० असताना आम्ही गप्प का बसतो

‘घरी बाबांची शुगर सव्वाशेच्या वर जात नव्हती आणि इथे १७० असूनही तुम्ही इन्सुलिन वाढवत नाही?’ अतिदक्षता विभागाच्या दाराशी हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो, आणि त्यामागच्या, न उच्चारलेल्या ‘निष्काळजीपणा’ या शब्दाचा आता वीट आला आहे. शुगर १४० ते १८० मध्ये आम्ही जाणूनबुजून ठेवतो.

मी नेहमीच अशी वागत नव्हते. २००१ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेनंतरच्या अत्यवस्थ रुग्णांची शुगर ८० ते ११० मध्ये राखून मृत्यू कमी झाल्याचे दाखवले, आणि आम्ही रेसिडेंट त्या आकड्यांच्या मागे लागलो. त्या रुग्णांना शिरेतून भरपूर ग्लुकोज मिळत होते, हे वाचूनही मी नजरेआड केले.

त्याच काळात न्यूमोनियामुळे व्हेंटिलेटरवर असलेले, वीस वर्षांचा मधुमेह असलेले एक गृहस्थ माझ्याकडे होते. माझ्या ऑर्डरप्रमाणे इन्सुलिनचा पंप ताशी चार युनिटने चालला होता. सीटी स्कॅनला नेण्याआधी नाकातल्या नळीतून जाणारे फीड थांबवले. पंप मात्र ट्रॉलीवर त्यांच्यासोबत तसाच चालू राहिला. लिफ्ट आणि रांग यांत दोन तास गेले. गुंगीच्या औषधाखालचा माणूस ‘चक्कर येते’ असे सांगू शकत नाही. कपाळावर घाम फुटला होता, पण ताप उतरतो आहे असे समजून मीच तो पुसला. परत आल्यावर सिस्टरने शुगर पाहिली, ती ३१ होती. २५ टक्के डेक्स्ट्रोज दिल्यावर आकडा सावरला, गृहस्थ मात्र गुंगी बंद करूनही पुरते शुद्धीवर आले नाहीत आणि नवव्या दिवशी गेले. शुगर की जंतुसंसर्ग, हे मला आजही सांगता येत नाही. घरच्यांना मी फक्त जंतुसंसर्ग सांगितला होता.

२००९ मध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात, शुगर काटेकोर ठेवलेल्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के मृत्यू झाले, तर ती १८० पर्यंत राहू दिलेल्या दुसऱ्या गटात २४.९ टक्के. ते वाचून मला हायसे वाटले, याची लाजही वाटली. तेव्हाची मी म्हणेल की चूक उद्दिष्टाची नव्हती, पंप बंद न करण्याची होती. आणि तिला खोडून काढणे मला पूर्णपणे जमत नाही.

परवा रात्री एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी तपासणी) ११ असलेल्या एका बाईंची शुगर १९५ झाली. इतकी वर्षे चढ्या शुगरची सवय झालेल्या शरीराला १४० देखील कमी पडेल का, या विचारात मी बराच वेळ उभी राहिले. शेवटी ताशी एक युनिटने पंप सुरू करून दर तासाला तपासणी लिहिली. सकाळी १७२ होती, आणि त्यांचा मुलगा दाराशी उभा होता.