पिवळी टेप

पिशव्यांची चवड सरळ लागेना, त्यावरून हे उघडकीला आलं. नाहीतर मी अजूनही त्या बाईच्या गणिताला नावं ठेवत बसले असते.

इचलकरंजीत एका समाजमंदिरात आमचा शिवणवर्ग चालतो. चौदा जणी, पाच पायमशिनी, दुपारी अडीच ते पाच. गाव पॉवरलूमचं, त्यामुळं पाहुण्यांना वाटतं की इथं बायका आईच्या पोटातूनच शिवण शिकून येत असतील. ऊस लावणाऱ्याला जिलेबी तळता येते का? तसंच आहे हे. मागावरून कापड उतरतं, गाठी बांधून बाहेर जातं, आणि त्याच गल्लीतली बाई परकर शिवायला दुसरीकडं टाकते.

वर्गात पहिले आठ दिवस कापडही नाही आणि दोराही नाही. वहीचा रेघांचा कागद सुईखाली धरायचा आणि रेघेवर नुसती भोकं पाडत न्यायचं. नव्या बायकांना हा पोरखेळ वाटतो. पण पायमशीन नवख्या पायाला हमखास उलटी फिरते, आणि चाक उलटं फिरलं की दोरा तुटून शटलात गुंता होतो. कागदावर पाय बसला की मग पिशवी, उशीचा अभ्रा, झबलं, सहा कळ्यांचा परकर. ब्लाउज शेवटी. परकर नाडीवर निभावतो, ब्लाउज काही म्हणता काही माफ करत नाही.

बायका आपापसात युक्त्याही भरपूर वाटतात. साबणाची वडी झिजून पातळ झाली की खडू म्हणून वापरायची, गडद कापडावर रेघ झकास उठते आणि धुतली की जाते. सुईत दोरा जात नसेल तर नेढ्यामागं पांढरा कागद धरायचा. मशीनला तेल घातलं की आधी चिंधीवर दोन हात टीप मारून घ्यायची, नाहीतर पहिला डाग गिऱ्हाइकाच्या कापडावर पडतो. सगळ्या खऱ्या. एकच खोड मला मोडता आलेली नाही. टाका सुटतोय म्हटलं की सगळ्या जणी ताणाची चकती पिळायला धावतात. सुई उलटी बसली आहे का, बोथट झाली आहे का, हे कुणी बघत नाही. माझं तर ठरलेलं वाक्य आहे, "आधी हत्यार बघा, मग हाताला दोष द्या." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं माझ्याच गळ्यात येणार आहे.

या तुकडीत एक वहिनी आल्या. कांडी मशीनवर काम करायच्या, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारी सुताची कांडी भरायचं काम. सकाळपाळी संपवून यायच्या, त्यामुळं रोज दहा मिनिटं उशीर. सूत चिमटीत चोळून ते बारीक की जाड, पीळ कमी की जास्त, हे त्या डोळे मिटून सांगायच्या. मशीनवर दोरा तुटला की आम्ही बाकीच्या सुई शोधेपर्यंत यांची एका हातानं गाठ मारून झालेली असायची, आणि ती गाठ नेढ्यातून सुळकन पार. पायही पहिल्या दिवसापासून बसलेला. टीप अशी सरळ की मला हेवा वाटावा.

आणि माप चुकायचं. त्यांची पहिली पिशवी बाकीच्यांपेक्षा जरा लहान झाली तेव्हा मी हसून म्हटलं होतं, "वहिनी, कापड वाचवताय होय?" सगळ्या हसल्या, त्याही हसल्या. पुढं ब्लाउज आला. पहिला सरावाचा ब्लाउज मांजरपाटाचा, त्यांच्या स्वतःच्या मापाचा. हुक लागेनात. उंची मात्र अगदी बरोबर. मी माप तपासलं. त्यांनी वहीत छाती 35 लिहिलेली, मी टेप लावली तर 34. "हे बघा." त्यांनी परत मोजली, परत 35. मी म्हटलं, "टेप सैल धरताय." मग माझं 34 धरून दुसरा ब्लाउज बेतला. तो पहिल्यापेक्षाही आवळला. म्हणजे माझ्या दुरुस्तीनं बिघाड वाढला. त्या वेळी एवढं एक गणित जरी मी कागदावर मांडलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. मी ते मांडलं नाही. माझं मत बनलं होतं: हात सोन्याचा, डोकं कच्चं.

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी त्या तिसरा ब्लाउज घेऊन आल्या. हा सरावाचा नव्हता. जावेचा होता, दुसऱ्या दिवशीच्या साखरपुड्यासाठी, टू बाय टू कापडाचा, मोरपंखी, गळ्याला उरेब पट्टीचं पायपिंग. ते पायपिंग मी आजही नमुना म्हणून दाखवीन, कुठं चुणी नाही, कुठं ताण नाही. जाऊबाई सोबतच आलेल्या. घालून बघितला, तर पुढची हुकपट्टी जवळ येईना.

त्या दिवशी शंभर पिशव्यांची डिलिव्हरी होती. 2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर कापडी पिशव्यांची कामं थोडीफार येतात, तशीच ही एक. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी चौदा जणींसमोर, जाऊबाईंसमोर म्हणाले, "वहिनी, छातीला चारानं भागायचं, त्यात अर्धा इंच मिळवायचा. पाचवीच्या पोराला येतं हे."

त्या काही बोलल्या नाहीत. ब्लाउजची घडी घातली, तीही काठाला काठ लावून, टेबलावर ठेवली आणि गेल्या. जाऊबाई मागं वळून माझ्याकडं बघत गेल्या. मी पिशव्यांकडं वळले.

मांजरपाट आदल्या आठवड्यात रात्रभर भिजवून, खळ काढून, वाळवून ठेवलेलं. न भिजवता शिवलेली पिशवी पहिल्या धुण्यात आक्रसते आणि बंद वाकडे होतात. पिशवीला दोन पानं, दोन बंद, बंदाच्या बुडाशी चौकट आणि चौकटीत फुली. वजन तिथंच येतं, नुसती आडवी टीप भाजीच्या पहिल्या फेरीत उसवते. मी पुठ्ठ्याचा साचा करू देत नाही. प्रत्येकीनं प्रत्येक पान टेपनं मोजूनच आखायचं, सवय लागावी म्हणून. या शिस्तीचा मला अभिमान होता.

चवड लावायला घेतली तर एका बाजूनं पायरी पडली. चोवीस पिशव्या खुज्या. बेतणारीचं नाव कडेला लिहून ठेवतो आम्ही, चोवीसच्या चोवीस वहिनींच्या. पहिली मोजली: एक इंच अरुंद, एक इंच आखूड. दुसरी: तेच. सातवी, पंधरावी, चोवीसावी: तेच. माझा राग तिथंच उतरला. ज्याला मोजता येत नाही तो कधी पाऊण इंच चुकेल, कधी दीड. चोवीस वेळा, दोन्ही बाजूंनी, बरोब्बर एक इंच चुकायला फार पक्का हात लागतो.

वहिनी उशिरा यायच्या, म्हणून डब्यात शेवटी उरलेली पिवळी टेप रोज त्यांच्या वाट्याला यायची. मी ती काढली. टोकाला पत्री होती, नीट चिमटून बसवलेली. दुसरी टेप शेजारी धरली आणि शेवटची टोकं जुळवली, 60 ला 60. दुसऱ्या बाजूला पिवळी एक इंच आधीच संपत होती.

आणि मग आठवलं. 2020 चा लॉकडाऊन. रात्रंदिवस मास्क शिवत होतो, तीन चुण्या घालून इस्त्रीनं दाबायच्या. त्या गडबडीत पिवळीचं टोक इस्त्रीखाली सापडून गोळा झालं. दुकानं बंद, नवी टेप मिळायची नाही. मीच ते टोक बरोबर 1 च्या रेघेवर कापलं, हिशेब सोपा जावा म्हणून, आणि पत्री पकडीनं परत बसवली. तेव्हापासून माझ्या हाताला सवय लागली ती लागलीच: टोक धरायचंच नाही, 10 वर धरायचं आणि शेवटी दहा वजा करायचे. आज कुठलीही टेप हातात घेतली तरी मी तशीच मोजते. मला ते जाणवतही नाही. वर्गात मात्र ओरडून शिकवते, "टोक नीट धरा, टोक!"

म्हणून मी मोजलं की बरोबर यायचं आणि त्यांनी मोजलं की चूक.

त्या टेपनं अंगाची उंची घेतली की एक इंच जास्त दिसते, आणि तीच टेप कापडावर लावली की एक इंच कमी आखलं जातं. फिटंफाट. म्हणून उंची कधी चुकलीच नाही, आणि म्हणूनच मला टेपचा संशय आला नाही. रुंदीला मात्र मधे भागाकार येतो. जावेची छाती 36. पिवळी म्हणाली 37. चौथा हिस्सा सव्वानऊ, अधिक अर्धा, पावणेदहा. कापडावर पावणेदहा आखले, खरे पडले पावणेनऊ. असे चार भाग म्हणजे 35. हवे होते 38. वहिनींचं गणित शेवटच्या पावापर्यंत बरोबर होतं.

पाच मशिनी दान मिळाल्या तेव्हा पाहुणे आले, नारळ फुटले, फोटो निघाले. चौदा जणींना टेपा सहाच. वीस-तीस रुपयांची वस्तू, पण टेप देताना फोटो कोण काढणार? हे मी नेहमी म्हणते आणि ते खरंही आहे. पण मीही ती वस्तू पाच वर्षांत विकत घेतली नाही, हेही खरंच.

टेबलावरचा ब्लाउज उचलला आणि आतून उलटून बघितला. बगलेला दीड इंचाची माया, म्हणजे टिपेबाहेर राखलेलं जादा कापड, दोन्ही बाजूंना, शिकवली होती तश्शी. दुपारी मी आत बघितलंसुद्धा नव्हतं. बाजूची टीप पाऊण इंच बाहेर सरकवली की एका बाजूला दीड, दोन्ही मिळून तीन इंच. घरी नेऊन जुन्या टिपा उसवल्या, बाहीची बगलही उकलून परत जोडली. तासाभराचं काम. खांद्याला मात्र काही करता आलं नाही. तोही दोनानं भागून आखतो, त्यामुळं दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच आत गेलेला, आणि मुंढ्याला, बाही जोडतात तिथं, एवढी माया कुणीच ठेवत नाही.

रात्री नऊला त्यांच्या गल्लीत गेले. जाऊबाईंनी दार उघडलं आणि माझ्या हातातल्या घडीकडं बघत राहिल्या. मी दोन्ही टेपा नेल्या होत्या. उंबऱ्यावरच शेजारी शेजारी धरून दाखवल्या, आणि ही मीच कापली, हेही सांगितलं. वहिनींनी पिवळीची पत्री नखानं जरा उचकटून बघितली.

"म्हंजी माजं डोस्कं ठीक हाय म्हणायचं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कांडीच्या आवाजानं बधिर झालं का काय. घरी मी पोराच्या वहीत तीनदा भागाकार करून बघितला, बाई. तीनदा त्योच येतोय."

चहा झाला. ब्लाउज जाऊबाईंनी साखरपुड्याला घातला. हात वर केला की खांद्याला ओढतो, असं मला नंतर कळलं.

मंगळवारी वर्गात सगळं सांगितलं. हसल्या, एकीनं लगेच फोनवर सगळ्यांना कळवलं की टेप आणल्यावर पहिल्यांदा मैत्रिणीच्या टेपला लावून बघा. वहिनी येतात. आता स्वतःची टेप आणतात, हिरवी, आणि बेतायला बसण्याआधी रोज ती पट्टीवर लावून घेतात. मी समोर असले तरीही.

पिवळी टेप मी टाकलेली नाही. कपाटात आहे. 2020 पासून ती डब्यात होती आणि तेवढ्या काळात पाच-सहा तुकड्या झाल्या. बहुतेक जणी माप एका टेपनं घ्यायच्या आणि आखायच्या दुसरीनं, त्यामुळं कधी घट्ट, कधी ढगळ. मी त्याला नवखेपणा म्हणत आले. दुसऱ्या की तिसऱ्या तुकडीत एक पोरगी होती, बारावी झालेली, हसरी. ब्लाउजला आली आणि तिसऱ्या आठवड्यात यायची बंद झाली. तिच्या आईनं विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं, हाताला गुण नाही हो, दुसरं काहीतरी बघा. तिचे फसलेले दोन ब्लाउज मला रंगासकट आठवतात, एक लिंबू कलरचा, एक लाल चौकड्यांचा. हातात कुठली टेप असायची, ते काही केल्या आठवत नाही.