बेरिंगच्या नकाशातला बाण

इ. स. १५९० मध्ये सेव्हिल येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात होसे दे आकोस्ता या जेझुइट धर्मगुरूने एक साधा प्रश्न विचारला होता. अमेरिकेत माणसे गलबतांतून आली असे घटकाभर मानले, तरी तिथे लांडगे आणि कोल्हे कसे आले? असली उपद्रवी जनावरे जहाजात भरून कोण नेईल? त्याअर्थी जुने आणि नवे जग कुठेतरी जोडलेले असावे, निदान फार जवळ आलेले असावे, असे अनुमान त्याने काढले. आशिया आणि अमेरिका यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून दर्यावर्दी व्हिटस बेरिंग गेला तो १७२८ साली. नकाशात जागा कोरी असताना केवळ तर्काच्या बळावर केलेले हे अनुमान मला, अमेरिकेत माणूस कसा पोहोचला याच्या शोधाच्या सगळ्या इतिहासातील सर्वांत देखणे वाटते.

शाळेत असताना मी पाहिलेल्या नकाशात सायबेरियातून निघालेला एक जाड बाण अलास्कामार्गे थेट खाली उतरत असे. त्या बाणाची अलास्कापर्यंतची वाट आजही बहुतेकांना मान्य आहे. हिमयुगात पाणी बर्फात अडकून पडल्याने समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली गेली होती आणि आज जिथे समुद्र आहे तिथे बेरिंजिया नावाचा विस्तीर्ण गवताळ प्रदेश होता. खरा वाद त्यापुढच्या प्रवासाचा आहे, कारण कॅनडाचा जवळजवळ सारा भाग दोन अवाढव्य हिमस्तरांखाली गाडलेला होता.

न्यू मेक्सिकोतील क्लोव्हिस या गावाजवळ १९३० च्या दशकात मॅमथ या हत्तीसारख्या लुप्त प्राण्याच्या हाडांसोबत दगडाची सुबक पाती सापडली. ती सुमारे १३,००० वर्षांपूर्वीची ठरली. हिमस्तर वितळू लागल्यावर त्यांच्यामध्ये एक वाट मोकळी झाली, त्या वाटेने शिकारी खाली उतरले आणि तेच पहिले अमेरिकन, अशी मांडणी त्यावर उभी राहिली. ती इतकी नीटस होती की पुढे तिचा सिद्धान्त न राहता दंडकच झाला. क्लोव्हिसचा थर लागला की त्याखाली काही असणारच नाही, म्हणून तिथेच खणणे थांबवावे, ही वृत्ती बळावली. न खणलेल्या त्या मातीत किती पुरावा पडून राहिला असेल, या विचाराने मी आजही हळहळतो.

दंडकाला मोठा तडा गेला तो दक्षिण चिलीतील मोंते व्हेर्देमुळे. पुरातत्त्वज्ञ टॉम डिलेहे यांनी तिथे १९७७ पासून उत्खनन केले आणि लाकडी निवाऱ्यांचे अवशेष, रानबटाटे, समुद्रशैवाल, गाठ मारलेल्या दोऱ्या अशा वस्तूंवरून ही वस्ती सुमारे १४,५०० वर्षांपूर्वीची असल्याचे मांडले. त्यांना वीस वर्षे अविश्वास सोसावा लागला. १९९७ मध्ये मान्यवर पुरातत्त्वज्ञांचे एक पथक प्रत्यक्ष जागा पाहून आले, तेव्हा कुठे बहुतेकांनी ते स्वीकारले. दुसरीकडे, कॅनडातील तळ्यांच्या गाळातील डीएनए तपासून २०१६ मध्ये असे दाखवण्यात आले की हिमस्तरांमधील वाटेवर गवत आणि जनावरे यांचा जम सुमारे १२,६०० वर्षांपूर्वी बसला. वाटेत खायलाच काही नसेल, तर शेकडो कोसांचा तो प्रवास कुटुंबकबिल्यासह कोण करील?

म्हणून आज पुष्कळ अभ्यासक पॅसिफिकच्या किनाऱ्याकडे पाहतात. समुद्रशैवालांच्या जंगलांत मासे, शिंपले, सील हे सारे मुबलक असते आणि होडीतून टप्प्याटप्प्याने पुढे सरकता येते. मलाही हीच वाट अधिक पटते, जरी तिच्यावरचे बरेचसे मुक्काम समुद्राची पातळी पुन्हा वाढल्याने आज पाण्याखाली असले तरी.

मात्र या वादाला सर्वांत मोठे वळण दिले ते न्यू मेक्सिकोतीलच व्हाइट सँड्सच्या पाऊलखुणांनी. एका आटलेल्या सरोवराच्या काठी चिखलात उमटलेल्या या खुणा २१,००० ते २३,००० वर्षांपूर्वीच्या असल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले, म्हणजे हिमयुग ऐन भरात असतानाच्या. कालमापन रुप्पिया या पाणवनस्पतीच्या बियांतील किरणोत्सारी कार्बन मोजून केले होते, आणि आक्षेप तिथेच आला: पाण्यातील वनस्पती विरघळलेला जुना कार्बन शोषते, त्यामुळे तिचे वय आहे त्याहून जास्त दिसू शकते. आक्षेप अगदी रास्त होता. संशोधकांनी तो मानून पुन्हा काम केले. या वेळी त्यांनी त्याच थरांतील जमिनीवरच्या सूचिपर्णी झाडांचे परागकण निवडून काढले, शिवाय क्वार्ट्‌झच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हेही स्वतंत्रपणे मोजले. २०२३ मध्ये आलेले निष्कर्ष पहिल्यांशी जुळले. पुढे चिखलाच्या थरांचे वेगळे कालमापन झाले, तेही त्याच काळाकडे बोट दाखवते. काही जणांच्या शंका अजून फिटलेल्या नाहीत. मला मात्र तीन वेगवेगळ्या साक्षींचा हा मेळ पुरेसा भक्कम वाटतो.

जनुकांची साक्ष याहून गुंतागुंतीची आहे. मोंटानात सापडलेल्या, सुमारे १२,६०० वर्षांपूर्वीच्या क्लोव्हिसकालीन बाळाचा जनुकसंच २०१४ मध्ये वाचला गेला आणि आजच्या मूलनिवासींशी त्याचे थेट नाते दिसले. त्याच वर्षी तिथल्या जमातींच्या उपस्थितीत त्या बाळाला पुन्हा मातीत विसावा देण्यात आला. ॲमेझॉनमधील सुरुई आणि कारितियाना या जमातींत तर ऑस्ट्रेलिया, पापुआ आणि आपल्या अंदमानातील ओंगे यांच्याशी दूरचे साम्य सांगणारा एक क्षीण धागा २०१५ मध्ये आढळला. तो तिथवर कसा पोहोचला, याचे समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेले नाही. व्हाइट सँड्सची माणसे आजच्या मूलनिवासींचे पूर्वज होती, की वंश न टिकता विरून गेलेली एखादी आधीची टोळी, हेही पाऊलखुणांवरून ठरत नाही.

आणि तरीही मी परत परत त्या पाऊलखुणांकडेच वळतो. त्याच मैदानात निदान १०,००० वर्षांपूर्वीची दीड किलोमीटरचा पावलांचा एक माग आहे. बहुधा एक तरुण स्त्री कडेवर लहान मूल घेऊन निसरड्या चिखलातून झपाझप चालली आहे. मध्येच मुलाला खाली ठेवल्याने त्याची इवली पावले उमटली आहेत. तिच्या पावलांवरून नंतर एक मॅमथ आणि एक महाकाय स्लॉथ जाऊन गेले. काही वेळाने ती त्याच वाटेने परतली, पण परतीच्या मागावर मुलाची पावले नाहीत.