उदयनगरला जाणाऱ्या सिस्टर

इंदूरच्या मराठी माणसाला तीर्थयात्रेचे अप्रूप नाही. ओंकारेश्वर आणि उज्जैन हाकेच्या अंतरावर, पंढरपूर-शेगाव अधूनमधून घडतेच, आणि अहिल्याबाईंच्या गावचे असल्यामुळे काशीच्या घाटांवरही आपला थोडा हक्क आहे असे आम्ही मनातल्या मनात धरून चालतो. यात्रेसाठी कोणी इंदूरकडे येत असेल, हे मात्र सहसा आमच्या ध्यानात येत नाही. म्हणून केरळहून येणाऱ्या अहिल्यानगरी एक्स्प्रेसमधून सिस्टरांचा, म्हणजे कॅथलिक जोगिणींचा, एखादा घोळका उतरताना दिसला, की माझे पाऊल अडखळते.

सामान बेताचे, एकीच्या खांद्याला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी, दुसरीच्या मनगटाला गुंडाळलेली जपमाळ, आणि रिक्षावाल्याशी भाड्याची घासाघीस करणारी त्यांतलीच कोणी वडीलधारी. ही घासाघीस मात्र अगदी शाळेतल्या शिस्तीत चालते. इंदुरात चर्च रंगावरून ओळखली जातात. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाचे कॅथलिक कॅथीड्रल ते रेड चर्च, आणि रेसिडेन्सीच्या काळातले इंग्रजांचे प्रोटेस्टंट देवालय ते व्हाइट चर्च. पंथांचा हा भेद रिक्षावाल्याच्या गावी नसतो. चुकून व्हाइट चर्चला उतरवले तरी या बायका कुरकुरत नाहीत. आलोच आहोत तर पाहून घेऊ म्हणत मान उंचावून इमारत न्याहाळतात. जुन्या दगडाचे कौतुक त्यांनाही आहे, पण त्यांचा ओढा दुसरीकडे असतो.

देवास जिल्ह्यातील उदयनगर हे आमच्या लेखी बसच्या पाटीवरचे एक नाव. तेथील चर्चमध्ये सिस्टर राणी मारिया यांची समाधी आहे. केरळातील पुल्लुवळी गावी 1954 साली जन्मलेल्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या या सिस्टर 1992 साली उदयनगरला आल्या आणि आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी बँकेची कर्जे, बचत गट, सरकारी योजना यांची खटपट करू लागल्या. ज्यांचे व्याज बुडत होते त्यांना हे कसे रुचावे? 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्येच, सहप्रवाशांच्या देखत, सुऱ्याने वार करून त्यांचा खून झाला. 2016 साली त्यांचे अवशेष चर्चच्या आत हलवण्यात आले आणि 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरातच झालेल्या सोहळ्यात त्यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. एरवी या पायरीसाठी चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यांना त्यातून सूट असते. संतपदाची पायरी त्यापुढची.

या यात्रेचे वेगळेपण मला येथे जाणवते. गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला जाणारी सिस्टर सोळाव्या शतकातल्या एका थोर पुरुषापुढे हात जोडते. उदयनगरला आलेली सिस्टर आपल्याच पिढीतल्या, आपल्यासारखीच नेमणुकीच्या गावी बसने फिरणाऱ्या बाईपुढे गुडघे टेकते. घोळक्यात एखाद्या वयस्क सिस्टरने त्यांना प्रत्यक्ष पाहिलेलेही असू शकते. अशा ठिकाणी भक्तीपेक्षा धाक अधिक वाटत असणार, असा माझा आपला तर्क. कारण उद्या आपापल्या मुक्कामी परतून तसलीच कामे त्यांनाही करायची असतात, आणि सावकार काही उदयनगरलाच होते असे नाही.

त्यातून पुढची गोष्ट अधिक अवघड. राणी मारियांची धाकटी बहीण, त्याही सिस्टरच, तुरुंगात गेली आणि खुन्याच्या हातावर राखी बांधून आली. कुटुंबाने त्याला क्षमा केली, त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला आणि 2006 साली तो सुटला. राखी म्हणजे काय हे माळव्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे या धर्माशी काडीचा संबंध नसलेल्या माझ्या शेजारणीलाही समाधीपेक्षा हीच हकीकत पाठ आहे. क्षमेचे तिला फारसे पटलेले नाही. “बांधली असेल हो,” ती म्हणते, “पण आईला काय वाटलं असेल?”