अकरावीचे वर्ष आणि आजोबांचा दाखला

आमच्या अमळनेर भागात दहावीच्या निकालाचे पेढे वाटून झाले की अकरावी हे विश्रांतीचे वर्ष समजले जाते. बोर्डाची परीक्षा नसल्याने कोणी विचारत नाही आणि ‘बारावीत बघू’ हे वाक्य बाप आणि लेक दोघेही सारख्याच निश्चिंतपणे उच्चारतात. थोरल्याच्या वेळी ते मीही म्हटले होते. धाकटी यंदा अकरावी विज्ञानाला आहे, तेव्हा या वेळी वही घेऊन बसलो.

एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत पीसीएम गटातल्या (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) प्रत्येक विषयाच्या 50 प्रश्नांपैकी 10 अकरावीवर असतात. गणिताचा प्रश्न 2 गुणांचा आणि इतर दोन विषयांचा 1 गुणाचा असल्याने 200 पैकी 40 गुण अकरावीचेच ठरतात. जेईई आणि नीटमध्ये तर अशी सवलतही नाही, तिथे दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम विचारला जातो. त्यातही जेईई मेनचे पहिले सत्र बारावीच्या जानेवारीत आणि बोर्डाची लेखी परीक्षा लगेच फेब्रुवारीत येत असल्याने, राहिलेली त्रिकोणमिती मागाहून भरून काढायला वेळ उरत नाही. (शिकवणीसाठी लातूर-कोट्याला पाठवले म्हणजे हे आपोआप होते, असे मला वाटत नाही.) म्हणून अकरावीची उजळणी बारावीचे वर्ग सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात संपवायची, एवढेच आम्ही ठरवले आहे.

मात्र थोरल्याचे घोडे अडले ते अभ्यासात नव्हे, तर राखीव जागेसाठी लागणाऱ्या जात पडताळणीत. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो, हे मला बारावीच्या निकालानंतर कळले. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला घरात सापडेना. शाळेचे जुने जनरल रजिस्टर जीर्ण झालेले, आणि तहसील कार्यालयातून कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल मिळाली तेव्हा तीत आडनाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेले. प्रतिज्ञापत्र, त्रुटीपूर्तता आणि जळगावच्या खेपा यांत मुदत उलटली, आणि राखीव जागेचा हक्क सोडून त्याला खुल्या प्रवर्गातून पुढच्या फेरीत जावे लागले. चार गुण कमी पडले असते, तर मला इतके वाईट वाटले नसते.

त्याचे जात वैधता प्रमाणपत्र पुढे मिळाले. सख्ख्या भावाची वैधता हा बहिणीसाठी भक्कम पुरावा असल्याने, त्याची प्रत, वंशावळ आणि वडिलांची ती नक्कल जोडून धाकटीचा पडताळणीचा प्रस्ताव आम्ही दिवाळीपूर्वीच महाविद्यालयात दिला. नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्राला (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याला) मुदत असते, त्यामुळे ते प्रवेशाच्या वर्षीच काढू.