लाइव्ह ओकची पोरं

लाइव्ह ओक या सदाहरित ओकच्या झाडाच्या बुंध्याभोवती जे जे उगवतं, ती सगळीच काही त्याची पोरं नसतात. टेक्ससमधल्या ऑस्टिनमध्ये घर घेतलं तेव्हा हे झाड अंगणात आयतंच मिळालं आणि त्याच्याखाली वीतवीतभर रोपांची ही दाटी! इथले लोक त्यांच्यावरून सरळ गवत कापायचा मोवर फिरवतात. थोड्या दिवसांनी मंडळी पुन्हा हजर. कारण त्यातली बरीचशी रोपं नसतातच, झाडाच्या आडव्या मुळांतून वर आलेले धुमारे असतात. उपटायला गेलं की बोटाएवढी जाड मुळी हाताला लागते आणि ती थेट थोरल्या झाडाकडे गेलेली असते.

पानांवरून ओळखायला जाल तर फसाल. मोठ्या झाडाचं पान चिवट, कडेला साधं, पाठीमागून करडं. कोवळ्या रोपाच्या पानांना मात्र चक्क काटेरी दाते, आणि धुमाऱ्यालाही तसेच! तेव्हा माती हलकेच उकरून बघायची. बीपासून आलेल्या रोपाला स्वतःचं सोटमूळ असतं आणि त्याच्या वरच्या भागात एक फुगीर कंद. बी रुजलं की त्यातला साठा रोप आधी या कंदात उतरवून घेतं. मग कोंब हरणानं खाल्ला तरी खालून दुसरा फुटतो. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी तो कंद बोटानं दाबून पाहिला. "शहाणं आहे गं," म्हणाल्या, "आधी एफडी केलीय, मग घर बांधायला काढलंय."

बी लावायचं तर पानगळीच्या ऋतूत पडलेली ताजी फळं वेचावीत. लांबट, काळपट, लांब देठाच्या टोपीत बसलेली. पाण्यात टाकून जी तरंगतील ती बहुतेक फेकून द्यायची. सालीवर बारीक गोल भोक दिसलं तर सोंडकिड्याची अळी आतला गर खाऊन बाहेर पडलेली असते. बी वाळवून डब्यात भरून ठेवायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. हे वाळलं की मेलं. लगेच पेरायचं, कुंडी खोल घ्यायची आणि वर जाळी हवीच, नाहीतर खारी रातोरात... छे, खारी दिवसाढवळ्याच उकरतात, अगदी आपल्या डोळ्यांदेखत.

याच गावातल्या ट्रीटी ओक नावाच्या प्रसिद्ध लाइव्ह ओकवर 1989 मध्ये एका माणसानं तणनाशक ओतलं. झाड शेकडो वर्षांचं. माती बदलली, झऱ्याचं पाणी फवारलं, सावलीसाठी पडदे उभारले, तरी जेमतेम तिसरा हिस्सा वाचला. 1997 मध्ये त्याला पुन्हा फळं धरली, तेव्हा लोकांनी त्यांची रोपं केली. मला त्या पडद्यांपेक्षा ही रोपं महत्त्वाची वाटतात.

शिवाय टेक्ससमध्ये ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग आहे. त्याची बुरशी एकमेकांत गुंतलेल्या मुळांतून झाडाझाडांत पसरते, शिवाय ताज्या जखमांवर येणारे भुंगेही ती नव्या झाडांपर्यंत नेतात, म्हणून फेब्रुवारी ते जून या झाडाला कात्री लावू नये आणि एरवी छाटलं तरी जखमेवर लगेच रंग फासावा.

माझी रोपं दिवाळीत मंडळाच्या कार्यक्रमात वाटायचा विचार आहे. घ्यायला सगळे हो म्हणतील, पण या झाडाचा पसारा उंचीपेक्षा रुंदीला जास्त आणि नव्या वसाहतींतले प्लॉट एवढेसे. तेव्हा ज्यांच्याकडे खरोखर जागा आहे त्यांनाच देणार, तेही सोटमूळ कुंडीत गोल फिरायच्या आत जमिनीत लावायच्या अटीवर.