जॅक्सन हाइट्समध्ये खोली मिळेपर्यंत (माझा अनुभव)

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात घर शोधणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहितेय. आम्ही दोघं आलो तेव्हा नवऱ्याच्या हातात ऑफर लेटर होतं, वाटलं झालं काम, पण इथे वर्षाचा पगार महिन्याच्या भाड्याच्या ४० पट मागतात, वर क्रेडिट हिस्ट्री हवी, ती नसेल तर गॅरंटर (जामीनदार) आणा, आणि त्याचा पगार बऱ्याच ठिकाणी ८० पट लागतो. आपला सिबिल स्कोअर कितीही चांगला असू दे, इथे त्याला कोणी विचारत नाही. एका ब्रोकरने तर तीन महिन्यांचं डिपॉझिट मागितलं आणि आम्ही द्यायला तयारही झालो होतो, नशीब आदल्या रात्री वाचलं की २०१९ च्या कायद्यानुसार एका महिन्याच्या वर डिपॉझिट घेता येत नाही आणि अर्जाची फी जास्तीत जास्त २० डॉलर. तिथून सरळ निघून आलो.

मग रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर पायी फिरायला लागलो. डोक्यावरून ७ नंबरची ट्रेन धडधडत जाते, खाली तामालेच्या (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) गाड्या, कापलेले आंबे, आणि खांबाखांबावर स्पॅनिशमधल्या चिठ्ठ्या, 'से रेंता कुआर्तो'. चार दिवस त्या नुसत्या बघून पुढे जात होते, शेवटी ८२व्या स्ट्रीटजवळ तामाले विकणाऱ्या बाईला चिठ्ठीचा फोटो दाखवला, तिने दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपायची खूण केली. खोली भाड्याने! लगेच फोन लावला, मोबाईलवर भाषांतर करत करत.

मालकीणबाई एक्वादोरच्या, साठीच्या आसपास. पगार किती, स्कोअर किती, काही नाही. सिगरेट ओढता का आणि स्वयंपाक कराल का, एवढंच विचारलं. स्वयंपाकघर सामाईक होतं त्यामुळे फोडणीच्या वासाचं काय, ही माझी मोठी काळजी, म्हणून मी आधीच सांगून टाकलं तर त्यांनी फळीवरची बरणी काढून पुढे केली, आत जिरं. त्याला त्या कोमिनो म्हणतात आणि बऱ्याच पदार्थांत घालतात. मला तिथेच रडू आलं, खरंच.

एक मात्र केलं, भाडं रोख द्यायचं होतं म्हणून दर महिन्याला पावती मागितली (ती द्यायलाच लागते, कायदा आहे) आणि त्यांनी वहीच्या पानावर स्पॅनिशमध्ये लिहून सही करून दिली. तुम्हीही मागा, माणूस कितीही चांगला असला तरी. आणि जून २०२५ पासून मालकाने नेमलेल्या ब्रोकरची फी भाडेकरूने द्यायची नसते, आमच्या वेळी हे नव्हतं.

दीड वर्ष राहिलो. मला त्या 'मिहा' म्हणायच्या, म्हणजे माझी पोरगी. आम्ही निघालो तेव्हा नवीन चिठ्ठी मीच लिहिली, स्पॅनिशच्या खाली एक ओळ हिंदीत, आणि ७४व्या स्ट्रीटवर आपल्या किराणा दुकानांच्या बाजूला पण लावून आले.