मैत्रीण येतेय, तिला युरोप किती दाखवायचा?

प्रश्न साधारण असा असतो: "मी म्युनिकला राहते. पुण्याहून जिवलग मैत्रीण पंधरा दिवसांसाठी येतेय. तिला पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली, प्राग, ॲमस्टरडॅम सगळंच बघायचंय. मला रजा जेमतेम सात दिवस मिळेल. कसं बसवू?" शहराचं नाव बदलतं, यादी बदलत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: बसवू नका.

मुक्काम हलवायचा म्हणजे सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, दुपारी तीननंतर पुढची ताब्यात घ्यायची आणि मधला वेळ बॅगा ओढत किंवा लॉकर शोधत काढायचा. गाडी दोन तासांची असली तरी दिवस अर्धा जातो आणि सहा तासांची असली तर पुरता. पाच देश घेतले की चौदा रात्रींतले चार-पाच दिवस फलाटावर संपतात. शिवाय टूर कंपनीची बस हेच काम तुमच्यापेक्षा स्वस्तात करते. तुमच्याकडे टूर कंपनीकडे नसलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे राहतं घर. म्हणून आधी घर, मग एक डोंगर, मग इटलीतली दोन शहरं. चौदा रात्रींना एवढं पुरे.

रात्रींची वाटणी मी अशी करेन: म्युनिक ६, लाउटरब्रुनेन (स्वित्झर्लंडमधलं डोंगरातलं गाव) ३, फ्लॉरेन्स २, रोम ३. हे आकडे सहज टाकलेले नाहीत. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम त्या देशाकडे मागायचा असतो आणि मुक्काम सारखा असेल तर जिथून प्रवेश त्या देशाकडे. इथे जर्मनी ६, इटली ५, स्वित्झर्लंड ३, म्हणजे अर्ज निःसंशय जर्मनीचा. "तुमच्याकडे राहतेय" असं लिहून इटलीत आठ रात्री लावल्या तर अर्जातच विसंगती दिसते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला नियमानुसार १५ दिवस, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. आणि मे महिन्यासाठी भेटीची वेळ मिळणं हेच खरं दुखणं असतं. तीन महिने आधी हात घाला. फी ९० युरो, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा.

तुमच्याकडून तिला काय लागतं? ती स्वतःच्या पैशाने येत असेल तर निमंत्रणाचं साधं पत्र, तुमच्या रेसिडेन्स परमिटची प्रत आणि पत्त्याच्या नोंदणीचा दाखला. खर्चाची हमी तुम्ही घेणार असाल तर फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग. शब्द उच्चारताना दम लागतो, कागद मात्र एकाच पानाचा: परदेशी नागरिक कार्यालयात पगाराच्या पावत्या दाखवून, २९ युरो भरून मिळतो आणि त्याची मूळ प्रत पुण्याला पाठवावी लागते. बँकेचं स्टेटमेंट हा नेहमीचा खड्डा आहे. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक तीन लाख आले तर ते उसने दिसतात. तिचा पगार दर महिन्याला जमा होताना दिसणं त्यापेक्षा जास्त बोलतं. आणि "आलोच आहोत तर लंडन" हा विचार मनात आणू नका. ब्रिटनचा व्हिसा वेगळा आहे आणि शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर लंडनला गेलेली मैत्रीण परत म्युनिकला येऊच शकत नाही.

तिकीट म्युनिकला येण्याचं आणि रोमहून परतीचं, एकाच बुकिंगमध्ये काढा. दोन एकमार्गी तिकिटांपेक्षा ते बहुधा स्वस्त पडतं आणि रोमहून परत म्युनिकला येण्याचा एक दिवस वाचतो. तोटा एवढाच की सगळं सामान तिच्यासोबत इटलीपर्यंत जाणार. म्हणून मोठ्या दोन बॅगा नकोत. एक मध्यम आणि आत घडी करून ठेवलेली एक रिकामी.

त्या मध्यम बॅगेत काय नको, हे तिच्या आईलाही सांगा. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून आणायला बंदी आहे. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, बर्फी नाही. ताजी फळं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. त्यातून सुटलेली फळं पाचच: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. मे महिन्यात येणाऱ्या मैत्रिणीचा हापूस विमानतळावर कचऱ्यात जातो आणि नारळ मात्र दिमाखात आत येतो. कढीपत्ताही आणू नये. बाकरवडी, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी यांना अडचण नाही. भाजणी जरूर मागवा, ती पुढे लागणार आहे.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरच्या शिक्क्याची जागा नव्या नोंदणी पद्धतीने घ्यायला सुरुवात केली. व्हिसावर पहिल्यांदा येणाऱ्याचा फोटो घेतला जातो आणि व्हिसाच्या अर्जावेळी दिलेले बोटांचे ठसे पडताळले जातात, त्यामुळे रांग लांबते. तुमचा पत्ता, परतीचं तिकीट, विमा आणि हॉटेलची बुकिंगं कागदावर छापून तिच्या हातातल्या पर्समध्ये हवीत. फोन ऐन वेळी बंद पडतो आणि बॅग अजून पट्ट्यावर असते.

आता वार. तिला गुरुवारी सकाळी उतरवा. मग पहिला शनिवार-रविवार तुमचा मोकळा, शुक्रवार-सोमवार-मंगळवार तुम्ही कामावर आणि बुधवारपासून पुढच्या गुरुवारपर्यंत सात कामाचे दिवस रजा. तुम्ही कामावर असताना ती एकटी फिरली तर काही बिघडत नाही. उलट तिकीट मशीनशी एकदा एकटीने झुंजली की पुढे रोममध्ये ती तुमच्यावर ओझं होत नाही.

पहिले तीन दिवस तिचं शरीर पुण्यातच असतं. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असल्याने रात्री आठला तिच्या डोळ्यांवर झोप येते आणि पहाटे चारला ती टक्क जागी. हे बदलायच्या भानगडीत पडू नका, वापरा. मे-जूनमध्ये म्युनिकला पहाटे साडेपाचलाच लख्ख उजाडलेलं असतं. मारीनप्लाट्झ हा मुख्य चौक, फिक्टुआलिएनमार्क्ट हा बाजार, इंग्लिशर गार्टन ही बाग, सगळं सातच्या आत, माणसांशिवाय बघून होतं. मारीनप्लाट्झवरच्या नगरभवनाच्या घड्याळातल्या बाहुल्या मात्र ११ आणि १२ वाजता आणि उन्हाळ्यात संध्याकाळी ५ वाजताच नाचतात.

शनिवार नॉयश्वानस्टाइन राजवाड्याचा. बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरियातल्या प्रादेशिक गाड्यांचं दिवसभराचं तिकीट, घ्या. एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं, प्रत्येक जादा माणसामागे थोडे पैसे वाढतात आणि तिकिटावर नावं लिहावी लागतात. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच चालतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. राजवाड्याच्या प्रवेशाला ठरलेली वेळ असते आणि ती चुकली की तिकीट गेलं. म्हणून वेळ उलटी मोजा: म्युनिक ते फ्युसन दोन तास, तिथून बस दहा मिनिटं पण बसची वाट बघण्याचा वेळ वेगळा, मग चढ चालत चाळीस मिनिटं. गाडी सुटल्यापासून चार तासांनंतरची प्रवेशवेळ घ्या. आतली फेरी अर्ध्या तासाची, फोटो काढायला बंदी. ज्या फोटोसाठी ती आली आहे तो मारीनब्र्युके पुलावरून मिळतो आणि त्याला तिकीट लागत नाही. वेळ कमी पडली तर आतला भाग सोडा, पूल सोडू नका.

रविवारी दुकानं बंद. किराणा शनिवारीच भरा, नाहीतर स्टेशनातल्या दुकानात रांग लावा. आणि रविवार दुपार बिअर गार्डनला द्या. बव्हेरियाच्या १९९९ च्या नियमावलीने जुनी प्रथा जपली आहे: स्वतःचं जेवण घेऊन बसायला तिथे मुभा असते. पेय मात्र तिथलंच घ्यायचं आणि टेबलक्लॉथ अंथरलेल्या, वाढप्यांच्या टेबलांवर बसायचं नाही. इथे ती भाजणी कामाला येते. चेस्टनटच्या सावलीत थालीपीठ, चटणी आणि शेजारी ब्रेझन, म्हणजे इथला प्रेट्झेल. बिअर पीत नसेल तर आपफेलशोर्ले, म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रस. म्युनिकमध्ये पाहुण्याला नेण्यासारखी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

शाकाहारी असेल तर "व्हेजिटेरियन" एवढं म्हणून भागत नाही. बटाट्याच्या सॅलडात आणि सुपात मांसाचा रस्सा असू शकतो, क्न्योडेल नावाच्या उकडलेल्या गोळ्यांमध्ये बेकनचे तुकडे. "ओने फ्लाइश, ओने फिश, ओने श्पेक" (मांस, मासे, बेकन नको) हे तिच्याकडून पाठ करून घ्या. केझेश्पेट्सले, म्हणजे चीज घातलेल्या जाड शेवया, बहुतेक ठिकाणी मिळतं. इटलीत पार्मेजान चीज वासराच्या रेनेटने घट्ट केलेलं असतं. हे जेवणाआधी सांगायचं की नाही, ते तुमच्या मैत्रीवर सोडते.

सोमवार-मंगळवारी ती एकटी. एक दिवस ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग, पण निघायची वेळ नऊनंतरची, कारण तेच बायर्न तिकीट तिथपर्यंत चालतं. मूळ पासपोर्ट जवळ हवाच. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या भू-सीमांवर तपासणी सुरू केली, परतीच्या गाडीत पोलीस चढतात आणि फोनमधला फोटो त्यांना पुरत नाही. दुसरा दिवस डाखाऊच्या नाझी छळछावणीच्या स्मारकाचा ठेवता येईल, प्रवेश मोफत आहे. मात्र त्या संध्याकाळी बाहेर जेवणाचा बेत आखू नका.

बरेच जण तिला डॉइचलांड टिकेट हा जर्मनीभरचा मासिक पास काढून देतात. जानेवारी २०२६ पासून ते ६३ युरोंना आहे, त्यावर शहरातल्या आणि प्रादेशिक गाड्या चालतात, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या नाहीत. ते कॅलेंडरच्या महिन्याचं असतं, २५ मे ते ८ जून अशी सहल असेल तर दोन महिन्यांचे पैसे. शिवाय ते सबस्क्रिप्शन आहे. त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर मैत्रीण पुण्यात आणि तिकीट इथे चालूच. सहा दिवसांच्या म्युनिकसाठी त्याची गरज नाही. रेल्वे पासचंही तेच. तीन लांब प्रवासांना सुटी तिकिटं आधी काढलेली बरी. तरी पास घेणारच असाल तर लक्षात ठेवा, युरोपात राहणाऱ्या तुम्हाला इंटररेल आणि तिला युरेल, शेजारी बसूनही पास वेगळे.

बुधवारी म्युनिक–झुरिक–बर्न–इंटरलाकेन–लाउटरब्रुनेन. सहा-सात तास धरा. दोन गाड्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची फट ठेवा: २०२४ मध्ये जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशीर समजत नाहीत. अख्खा प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि पोहोचायला २० मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं, तर एका गाडीला बांधलेलं सवलतीचं जर्मन तिकीटही मोकळं होतं, दुसरी गाडी घेता येते. तासाच्या उशिराला २५ टक्के, दोन तासांना ५० टक्के पैसे परत मागता येतात.

लाउटरब्रुनेनला स्वयंपाकघर असलेली जागाच घ्या. डाळ-तांदूळ म्युनिकहून न्या. हॉटेलात रोज जेवलात तर मैत्रीण प्रत्येक घास रुपयांत मोजेल आणि तिचं काही चुकत नाही. तुमच्या सिमचं युरोपभरचं मोफत रोमिंग स्वित्झर्लंडला लागू असेलच असं नाही, तो देश संघाबाहेर आहे. आधी पाहून घ्या. युंगफ्राउयोख या डोंगरावरच्या रेल्वे स्थानकाचं तिकीट आगाऊ काढू नका. सकाळी सातला वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघा. पडदा पांढरा असेल तर ३,४५४ मीटरवर जाऊनही पांढराच दिसणार आणि पैसे दोनशे फ्रँकच्या घरात. वर पटपट चालू नका, उंची एकदम वाढल्याने डोकं गरगरतं. ढग असतील तर श्टाउबबाख धबधबा पायथ्याशीच आहे, तीनशे मीटरला तीन कमी आणि बघायला पैसे लागत नाहीत. इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा आहे, तोही फुकट.

शनिवारी श्पीट्स आणि मिलानवरून फ्लॉरेन्स. इथे वार का जुळवले ते कळेल. उफीत्सी आणि अकाडेमिया ही तिथली दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून फ्लॉरेन्सला रविवार मिळायला हवा. पण तो महिन्याचा पहिला रविवार नको, त्या दिवशी सरकारी संग्रहालयं मोफत असतात आणि रांग गल्लीबाहेर जाते. सोमवारी सकाळी दीड तासात रोम. मंगळवारी व्हॅटिकन, बुधवारी कोलोसियम, उलट नाही: बुधवारी सकाळी पोपची जाहीर भेट असते आणि सेंट पीटर्स बॅसिलिका तोवर बंद. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. कोलोसियमची तिकिटं ३० दिवस आधी खुली होतात, त्यांवर नाव असतं, पासपोर्टशी जुळवून आत सोडतात. तिचं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घेतल्याशिवाय चढू नका, नाहीतर दंड. रोमच्या ६४ नंबरच्या बसमध्ये पर्स पोटाशी, खिसेकापू असतात. कार्डाचं मशीन "रुपये की युरो" विचारेल तेव्हा युरो दाबा, रुपयांचा भाव ते दुकानदाराच्या सोयीचा लावतं.

खरेदीवरचा कर परत मिळतो तो तिला, तुम्हाला नाही, कारण तुम्ही युरोपात राहता. म्हणून बिल तिच्याच नावाने, तिचा पासपोर्ट दाखवून. जर्मनीत एका बिलाची किमान रक्कम ५०.०१ युरो, इटलीत ७०.०१. दोघींची खरेदी एका बिलावर आणून ती रक्कम गाठता येते, पण मग वस्तू तिच्याबरोबरच जायला हव्यात. जर्मनीत घेतलेली वस्तू चेक-इन बॅगेत असेल तर कस्टम्सचा शिक्का रोमलाच, बॅग देण्याआधी. हातातल्या पिशवीत असेल आणि विमान फ्रँकफुर्टमार्गे असेल तर शिक्का फ्रँकफुर्टला, तोही पासपोर्ट तपासणीच्या आधी.